करोना गेला, विसर राहिला

‘तिच्या रक्तातच आहे ते’ हे वाक्य आपल्या वस्त्यांतून फार सहज बोलले जाते. मुलगा शाळेत मागे पडला की रक्तात आहे. नवरा पितो, तर त्याच्या बापाच्या रक्तात होते. आणि एखादी बाई चार गोष्टी विसरू लागली की तिच्या माहेरीच तसे आहे. शिकलेली माणसे हेच जरा वेगळ्या शब्दांत बोलतात. ती म्हणतात, ‘जीन्समध्येच आहे.’ शब्द बदलला, अर्थ तोच राहिला. करोनाच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांत ‘रक्तात’ नेमके काय असते आणि आजारातून उठलेल्या माणसाच्या मेंदूत काय होते, यावर जगभर मोठे संशोधन झाले आहे. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेला कारकून आहे. दिवसभर जमाखर्चाच्या वह्यांत डोके घालतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेचे काम पाहतो. पण या विषयाने माझ्या घरातच पाय ठेवला. म्हणून अभ्यासिकेत येणाऱ्या, नर्सिंगचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला सोबतीला घेऊन मी ते इंग्रजी लेख शब्दकोश लावून वाचले. त्यातले जे पदरात पडले ते वाचकांपुढे ठेवतो.

घरात पाय ठेवला तो असा. माझ्या थोरल्या वहिनी सातवी शिकलेल्या. चेंबूरला आमच्या वस्तीत चौदा बायकांचा बचत गट त्यांनी अकरा वर्षे चालवला. कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, कोणी मुलाच्या फीसाठी उचल घेतली, हे सगळे त्यांच्या डोक्यात असायचे. वही मी वर्षाअखेरीला नीट लिहून द्यायचो, पण वहीच्या आधी त्या तोंडाने आकडा सांगायच्या आणि तो बरोबर निघायचा. एप्रिल २०२१ मध्ये त्यांना करोना झाला. पाच दिवस ताप, अंग मोडून येणे, वास पूर्ण गेला. दवाखान्यात भरती व्हावे लागले नाही, प्राणवायू लागला नाही. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा चुलीपुढे उभ्या राहिल्या आणि आम्ही सुटकेचा श्वास सोडला.

दिवाळीच्या सुमारास गोष्टी ध्यानात येऊ लागल्या. नोटा मोजताना शेजारी कोणी बोलले की मोजणी पहिल्यापासून. एकाच बाईचा हप्ता दोनदा लिहिलेला, दुसरीचा लिहिलेलाच नाही. बोलता बोलता वाक्य अर्ध्यावर थांबायचे. ‘भावजी, डोक्यात कापूस भरल्यासारखं होतंय. शब्द ओठावर येतो आन् परत जातो,’ असे त्यांनी मला एकदा सांगितले. घरात कोणी ते मनावर घेतले नाही. आमची आई म्हणाली, ‘तिच्या रक्तातच हाय ते. हिची आई बी शेवटाला अशीच झाली होती.’ आणि गटातल्या एका बाईचे बाराशे रुपये वहीत सापडेनात तेव्हा नळावर कुजबुज सुरू झाली, की लॉकडाऊनमध्ये घरात पैसा नव्हता, तेव्हाच खाल्ले असतील.

मी वही आणि बँकेचे पासबुक घेऊन दोन रविवार बसलो. वहीत सतरा चुका होत्या, पण बँकेत एक रुपया कमी नव्हता. उलट तीनशे पन्नास रुपये जास्त होते. हिशेब जुळेना म्हणून वहिनींनी दोनदा आपल्या पर्समधले पैसे भरले होते. ज्याला पैसे खायचे असतात त्याची वही व्यवस्थित जुळलेली असते, हे वीस वर्षे हिशेब तपासणारा माणूस म्हणून मी सांगू शकतो. इथे पैसा जागेवर होता आणि वही बिघडली होती. म्हणजे चूक नियतीत नव्हती, मोजणाऱ्या डोक्यात काहीतरी झाले होते. ते काय, हे शोधण्यासाठी मी वाचायला लागलो.

आधी विषाणूकडे पाहू, कारण ‘जीन्स’ त्यालाही असतात. विषाणू म्हणजे एक छोटी वही समजा. करोनाच्या वहीत सुमारे तीस हजार अक्षरे आहेत आणि तीही चारच अक्षरे पुन्हा पुन्हा लिहिलेली. आपल्या साप्ताहिकाच्या तीन-चार पानांत मावेल एवढा मजकूर. माणसाच्या पेशीतली वही तीनशे कोटी अक्षरांची असते, यावरून अंदाज करा. शांघायचे प्राध्यापक झांग योंगझेन यांच्या गटाने ही तीस हजार अक्षरे वाचली आणि जानेवारी २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात ती सगळ्या जगाला खुली झाली. लशींचे आणि तपासण्यांचे काम त्या वाचनावरूनच सुरू झाले. विषाणू आपल्या शरीरात शिरला की आपल्याच पेशीला कामाला लावून स्वतःच्या वहीच्या नकला काढून घेतो. आणि नकल म्हटली की चूक आली, हे कोणत्याही कारकुनाला सांगावे लागत नाही. करोनाच्या घराण्याकडे नकल तपासणारी एक यंत्रणा आहे, त्यामुळे तो फ्लूच्या विषाणूपेक्षा कमी चुका करतो. तरीही माणसांत पसरताना साधारणपणे महिन्याला दोन अक्षरे बदलत गेली. बहुतेक बदल निरुपयोगी असतात. एखादाच असा निघतो की विषाणूला पेशीचे दार उघडणे सोपे जाते.

असा एक बदल आपल्याच मुलखातून जगाला माहीत झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागात रुग्ण एकाएकी वाढू लागले. देशातल्या प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ नावाचा गट डिसेंबर २०२० मध्येच उभा राहिला होता. मार्च २०२१ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन महत्त्वाचे बदल एकत्र दिसत आहेत. वर्तमानपत्रांनी त्याला ‘डबल म्युटंट’ म्हटले. त्याच घराण्यातल्या एका शाखेला ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ‘डेल्टा’ हे नाव दिले. देशाच्या नावाने विषाणू ओळखला जाऊ नये, माणसांना दूषण लागू नये, म्हणून ही ग्रीक अक्षरांची नावे आली. मला ही गोष्ट फार आवडली. दूषण लागलेल्या नावाने हाक मारली जाणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कोणी समजावून द्यायला नको. वहिनी ज्या लाटेत आजारी पडल्या ती हीच.

आता माणसाच्या वहीकडे येऊ. एकाच खोलीत झोपणाऱ्या दोघा भावांपैकी एकाला नुसती सर्दी होते आणि दुसऱ्याला व्हेंटिलेटर लागतो, असे का? वय, मधुमेह, रक्तदाब ही कारणे आहेतच. पण त्यापलीकडे काही आहे का, हे पाहण्यासाठी इटली आणि स्पेनमधल्या गंभीर रुग्णांच्या आनुवंशिक वह्या तपासल्या गेल्या. जून २०२० मध्ये कळले की तिसऱ्या गुणसूत्रावर एक तुकडा असा आहे, की तो असलेल्या माणसाला आजार जड जाण्याची शक्यता वाढते. मग जर्मनीतल्या लाइपझिग इथल्या संस्थेचे स्वान्ते पेबो आणि त्यांचे सहकारी ह्यूगो झेबर्ग यांनी दाखवून दिले की सुमारे पन्नास हजार अक्षरांचा हा तुकडा नियान्डर्थल नावाच्या, केव्हाच नामशेष झालेल्या मानवांकडून आपल्याकडे आला आहे. क्रोएशियातल्या एका गुहेत सापडलेल्या पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या हाडात तो जवळपास तसाच आहे. आपल्या पूर्वजांचा आणि त्या मानवांचा संकर झाला, त्याची ही खूण. पेबो यांना प्राचीन मानवांच्या जनुकांवरील कामासाठी २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा तुकडा युरोपात सुमारे सोळा टक्के लोकांत आहे आणि दक्षिण आशियात सुमारे पन्नास टक्के लोकांत. हे छापून आले तेव्हा ‘भारतीयांच्या रक्तातच करोनाची कमजोरी’ अशा थाटाच्या गप्पा आमच्या ऑफिसातही झाल्या. शांतपणे विचार करा. वस्तीतल्या निम्म्या माणसांत जी गोष्ट आहे ती एकट्या कोणाचा दोष कशी होईल? आणि गंमत अशी की २०२१ मध्ये याच दोघा शास्त्रज्ञांनी बाराव्या गुणसूत्रावर नियान्डर्थलांकडूनच आलेला दुसरा तुकडा दाखवला, तो माणसाला गंभीर आजारापासून थोडे वाचवतो. एकाच आजोबाकडून कर्जही आले आणि जमीनही आली. शिवाय त्याच वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या आणि बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांनी आपल्या भागातली माहिती तपासली आणि युरोपात धोक्याचा ठरलेला तो तुकडा दक्षिण आशियात तसा परिणाम करताना दिसत नाही, असे मत मांडले. म्हणजे इंग्लंडातला आकडा उचलून चेंबूरला लावता येत नाही.

चेंबूरचा आकडा मात्र आहे, आणि तो मला जास्त बोलका वाटतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत लोकांच्या रक्ताची पाहणी झाली. माटुंगा, चेंबूर आणि दहिसर असे ते विभाग. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी सत्तावन्न टक्के लोकांच्या रक्तात करोना होऊन गेल्याची खूण सापडली आणि इमारतींत राहणाऱ्यांत सोळा टक्के. रस्ता तोच, विभाग तोच. हा फरक कोणत्या गुणसूत्राचा? हा फरक दहा बाय दहाच्या खोलीचा आणि सामायिक संडासाचा. ब्रिटनमध्येही २०२० च्या सरकारी आढाव्यात बांगलादेशी वंशाच्या लोकांचे मरण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळले. तिथेही ही माणसे गर्दीच्या घरांत राहतात आणि टॅक्सी चालवणे, हॉटेलात राबणे अशी घरी बसून न होणारी कामे करतात. रक्तशुद्धीसाठी जाती आहेत हा दावा बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये खोडून काढला होता. आता हाडांतून वाचलेल्या वह्याही सांगतात की शुद्ध रक्त असे काही कोणाकडेच नाही. सगळेच मिसळीचे.

पण वहिनींच्या डोक्यातल्या कापसाचे काय? त्याचे उत्तर मला इंग्लंडातल्या एका कामात सापडले. तिथे ‘यूके बायोबँक’ नावाचा उपक्रम आहे. पाच लाख लोकांनी आपली आरोग्याची माहिती त्याला स्वेच्छेने दिली आहे, आणि त्यातल्या हजारो लोकांच्या मेंदूची चित्रे करोनाच्या आधीच काढून ठेवलेली होती. ही फार मोठी सोय झाली. आजारानंतर मेंदू बारीक दिसला तर तो आधीपासूनच तसा होता का, हा प्रश्न एरवी सुटत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एक्कावन्न ते एक्याऐंशी वयाच्या सातशे पंच्याऐंशी माणसांना पुन्हा बोलावून दुसरे चित्र काढले. त्यांतल्या चारशे एक जणांना मधल्या काळात करोना झालेला होता, तीनशे चौऱ्याऐंशी जणांना नव्हता. सुरुवातीची शिल्लक, अखेरची शिल्लक आणि मधला खर्च, असा हा सरळ ताळेबंद. मार्च २०२२ मध्ये निकाल छापून आला. करोना झालेल्यांच्या मेंदूचे काही भाग इतरांपेक्षा ०.२ ते २ टक्के जास्त झिजले होते. विशेष करून वासाशी आणि आठवणीशी नाते असलेले भाग. या वयात आठवणीशी संबंधित भाग वर्षाला ०.२ ते ०.३ टक्के कमी होतच असतात, त्याच्या जोडीने हा आकडा ठेवून पाहावा. एकामागून एक आकडे आणि अक्षरे जोडत जाण्याच्या चाचणीतही ही माणसे मंदावली होती. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे त्या चारशे एकांपैकी फक्त पंधराजण रुग्णालयात भरती झाले होते. बाकीचे वहिनींसारखे घरीच बरे झालेले.

हे वाचले त्या रात्री मी आईला समजावले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, ‘म्हंजे तिचा मेंदू सुकला का काय?’ तसे नाही. हे फरक बारीक आहेत, खूप माणसांची सरासरी काढली तेव्हा दिसणारे. एकट्या माणसाच्या एमआरआयमध्ये ते बहुधा दिसतही नाहीत. म्हणूनच ‘एमआरआय नॉर्मल आहे, मनाचे खेळ आहेत’ असे ऐकून माणूस घरी येतो.

विषाणू मेंदूत जाऊन बसतो का? पुष्कळांना तसे वाटते. वासाच्या बाबतीत असे कळले की विषाणू वास ओळखणाऱ्या मज्जापेशींत सहसा शिरत नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींत शिरतो. आधारच मोडला की वास जातो. बहुतेकांचा काही आठवड्यांत परत येतो. वहिनींचा तीन महिन्यांनी आला, तोही अर्धवट, तोवर आमच्याकडे दोनदा डाळ करपून पातेले काळे झाले. मेंदूच्या बाबतीत २०२२ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड आणि येल विद्यापीठांनी उंदरांवर प्रयोग केला. उंदरांच्या फक्त श्वसनमार्गात सौम्य करोना होईल अशी व्यवस्था केली. मेंदूत विषाणू सापडला नाही, तरीही मेंदू शांत नव्हता. आपल्या मेंदूत पहारा देणाऱ्या पेशी असतात, मायक्रोग्लिया म्हणतात त्यांना. त्या चवताळलेल्या होत्या आणि आठवडे उलटले तरी शांत झालेल्या नव्हत्या. मज्जातंतूंवर वायरीच्या प्लास्टिकसारखे आवरण असते, ते कमी झाले होते. आवरण गेलेल्या वायरीतून वीज जशी अडखळत जाते, तसेच विचाराचे होत असावे. याच संशोधकांपैकी काहींनी पूर्वी कर्करोगाच्या केमोथेरपीनंतर येणाऱ्या विसराळूपणाचा अभ्यास केला होता आणि दोन्हींत त्यांना साम्य दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये डब्लिनच्या संशोधकांनी आणखी एक दुवा जोडला. रक्तातल्या नको त्या गोष्टी मेंदूत जाऊ नयेत म्हणून रक्तवाहिन्यांची जी भिंत असते, ती डोक्यात धुके जाणवणाऱ्या रुग्णांत गळकी झालेली त्यांना आढळली. चिकनगुनियाचा ताप गेल्यावर महिनोन्‌महिने सांधे धरलेले आपण पाहिलेत. तेव्हा कोणी सांध्यांना आळशी म्हटले नाही.

त्याच महिन्यात लंडनच्या इंपीरियल कॉलेजचा अभ्यास आला. इंग्लंडातल्या १,१२,९६४ लोकांनी आठवण, लक्ष आणि विचार यांच्या चाचण्या पूर्ण केल्या होत्या. करोना होऊन पूर्ण बरे झालेल्यांत करोना न झालेल्यांच्या तुलनेत बुद्ध्यांकाच्या पट्टीवर सुमारे तीन गुणांइतकी घट दिसली, त्रास रेंगाळत राहिलेल्यांत सहा, आणि अतिदक्षता विभागात राहिलेल्यांत नऊ. बुद्ध्यांकाच्या पट्टीवर माझा फारसा भरवसा नाही. जगात कोणाला वर आणि कोणाला खाली बसवायचे हे ठरवायला ती फार वापरली गेली आहे. पण इथे ती माणसामाणसांत उच्चनीच ठरवायला नाही, आजाराचे माप घ्यायला वापरली, एवढा फरक मी मानतो. त्या अभ्यासात दोन दिलाशाच्या गोष्टीही आहेत. ज्यांचा त्रास बराच काळ रेंगाळून अखेर संपला, त्यांची घट लवकर बरे झालेल्यांइतकीच लहान उरली. म्हणजे वाट परतीची आहे. आणि लशीचे दोन किंवा अधिक डोस घेतलेल्यांची स्थिती किंचित चांगली होती. लशीमुळेच विसर पडतो अशी आवई वस्तीत आजही ऐकू येते, त्यांनी हे वाचावे. वहिनींना करोना झाला तेव्हा त्यांना एकही डोस मिळालेला नव्हता.

मग आईच्या बोलण्यात काहीच तथ्य नव्हते का? अगदी तसे म्हणता येत नाही. ‘एपीओई’ नावाचे एक जनुक आहे. त्याचा ‘ई-४’ हा प्रकार आई आणि बाप दोघांकडूनही आला असेल तर म्हातारपणी अल्झायमरचा धोका बराच वाढतो. २०२० मध्ये यूके बायोबँकेच्या माहितीत असेही दिसले की अशा माणसांना गंभीर करोनाचा धोकाही दुपटीहून जास्त होता. पण युरोपात दोन्हीकडून ई-४ आलेली माणसे शंभरात दोन-तीनच सापडतात, आणि एवढ्यावरून वहिनींच्या आईचा आजार त्यांच्या माथी मारता येत नाही. करोनानंतर रेंगाळणाऱ्या त्रासाचे जनुकीय कारण शोधण्यासाठी सोळा देशांतल्या चोवीस अभ्यासांची माहिती एकत्र केली गेली. त्यात ६,४५० रुग्ण होते आणि तुलनेसाठी दहा लाखांहून अधिक लोक. २०२५ मध्ये त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. ‘फॉक्सपी-४’ या जनुकाजवळचा एक बदल ज्यांच्यात आहे त्यांना हा त्रास होण्याची शक्यता सुमारे दीडपटीहून थोडी जास्त. हा बदल युरोपीय लोकांत क्वचितच सापडतो आणि पूर्व आशियात तो कितीतरी पटीने जास्त आढळतो. आणि हे जनुक प्रामुख्याने कशाशी जोडले गेले? फुप्फुसाशी! ‘डोक्याचे रक्तात आहे’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. एवढा खटाटोप करून हाती लागले ते एक फुप्फुसाचे जनुक, आणि तेही धोका थोडा वाढवणारे. बाकी जमाखर्चात मुख्य रकमा दुसऱ्याच आहेत. आजार किती जड गेला, वय काय, आधीचे आजार कोणते, लस मिळाली होती का.

मानसिक त्रासाचेही थोडे सांगतो, कारण ‘हिला टेन्शन आलंय’ हे ठरलेले उत्तर असते. ऑक्सफर्डच्याच दुसऱ्या गटाने करोना झालेल्या जवळपास तेरा लाख रुग्णांच्या नोंदी दोन वर्षांपर्यंत पाहिल्या आणि श्वसनाच्या इतर आजारांच्या रुग्णांशी त्यांची तुलना केली. चिंता आणि उदासी यांचा वाढीव धोका दोनएक महिन्यांत ओसरला. डोक्यातल्या धुक्याचा धोका मात्र दोन वर्षांनीही टिकून होता. म्हणजे टेन्शन आणि विसर या दोन वेगळ्या रकमा आहेत, त्या एका खात्यात टाकू नयेत.

हे सगळे मी बचत गटाच्या बैठकीत पासबुकासह मांडले. बाराशे रुपये ज्यांचे हरवले होते त्या मावशींची पावती बँकेच्या स्लिपेवर सापडली, नोंद दुसऱ्या बाईच्या नावावर गेली होती. मावशी काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला त्यांनी वहिनींसाठी चहा आणला, मी त्याचा अर्थ लावत बसलो नाही. वही आता दोघी मिळून लिहितात, एक पैसे मोजते आणि दुसरी लिहिते, आणि मोजताना कोणी बोलायचे नाही असा नियम केला आहे. आमच्याच गल्लीतल्या एका वॉचमनला एवढे नशीब लाभले नाही. गेटच्या रजिस्टरात गाड्यांचे नंबर चुकू लागले म्हणून त्याला कामावरून काढले. प्यायला लागला असेल, असे कारण तोंडी सांगितले गेले. तो आयुष्यात कधी प्यायलेला नाही. कोणी त्याला एका बाबाकडे नेऊन करणी उतरवून घ्यायचा सल्ला दिला. बाबाची फी दोन महिन्यांच्या किराण्याइतकी होती.

या त्रासावर अजून कोणतेही खात्रीचे औषध सिद्ध झालेले नाही. तसे विकणाऱ्यापासून सावध राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये व्याख्या करून ठेवली आहे. आजार सुरू झाल्यापासून साधारण तीन महिन्यांनी दिसणारा, निदान दोन महिने टिकणारा आणि दुसऱ्या कोणत्याही निदानाने उलगडा न होणारा त्रास तो हा. यातली शेवटची अट फार महत्त्वाची. विसर पडतो म्हणून सगळे करोनावर टाकून चालत नाही. थायरॉइड, रक्त कमी असणे, साखर, बी-१२ जीवनसत्त्व, झोप न होणे, उदासी, ही कारणे आधी तपासली पाहिजेत, कारण त्यांच्यावर इलाज आहे. वहिनींचे हिमोग्लोबिन नऊ निघाले. गोळ्यांनी ते वाढले तेव्हा थकवा पुष्कळ गेला, विसर थोडा गेला. एका दिवशी अंगात उत्साह आला म्हणून सगळी कामे उरकू नयेत, दुसऱ्या दिवशी पडून राहावे लागते. कामाचे तुकडे करावेत. अवघड आणि हिशेबाचे काम सकाळी करावे.

दवाखान्यात केसपेपर काढल्यावर ‘विसरायला होतं’ एवढेच सांगू नये. करोना कधी झाला, वास गेला होता का, विसर कोणत्या महिन्यापासून, कोणते काम पूर्वी जमत होते आणि आता अडते, हे तारखांसह एका कागदावर लिहून न्यावे. आणि सोबत घरातले एक माणूस न्यावे, कारण दारापर्यंत पाठ केलेले डॉक्टरांसमोर नेमके आठवत नाही.